दोन फॅको मशिनांच्या फ्लुइडिक्सची तुलना: रिकाम्या ओ.टी.त करायची तपासणी

"दोन्हीवर व्हॅक्यूम ३५०, दोन्हीवर फ्लो ३०. मग एकावर चेंबर शांत आणि दुसऱ्यावर डचमळतं, असं का?"

आमच्या सर्जन मॅडमनी ग्लोव्ह्ज काढता काढता मला हे विचारलं. फॅको म्हणजे मोतीबिंदू अल्ट्रासाउंडने फोडून बारीक पोकळ टिपेतून ओढून घेणारं मशीन, आणि चेंबर म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातली पाण्याने भरलेली जागा. व्हॅक्यूम पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, फ्लो मिनिटाला किती मिली असा. मी बायोमेडिकल इंजिनिअर. कॅलिब्रेशन, सर्व्हिस रिपोर्ट, कॅसेटचा (मशीनमध्ये बसवायचा, ट्यूब जोडलेला डबा) साठा हे माझं काम, आणि माझ्या वहीत दोन्ही मशिनं 'ओके' होती. त्या दिवशी न्यूक्लियसचा (मोतीबिंदूच्या कठीण गाभ्याचा) शेवटचा तुकडा टिपेतून सुटला, चेंबर एकदम उथळ झालं आणि मागची कॅप्सूल, म्हणजे भिंगाचं पातळ आवरण, टिपेच्या दिशेने उसळली. फाटली नाही, पण ते मी मॉनिटरवर पाहिलं होतं. माझ्या 'ओके'ला त्या क्षणी काही अर्थ उरला नाही. तेव्हापासून दोन मशिनांची तुलना करायची झाली, की मी ब्रोशर बाजूला ठेवते आणि पुढे सांगते ती तपासणी करते. अर्धा दिवस लागतो, दोन माणसं लागतात. सामान बहुतेक ओ.टी.तलंच असतं.

आधी एक गोष्ट नीट समजून घ्या, नाहीतर पुढची सगळी मोजमापं वाया जातील. स्क्रीनवरचं ३५० हे टिपेवरचं ३५० नसतं. तो आकडा कॅसेटजवळच्या सेन्सरचा असतो आणि टीप तिथून दीड-दोन मीटर ट्यूबपलीकडे असते. शिवाय दोन मशिनांत ३५० चा अर्थही वेगळा असू शकतो. पेरिस्टाल्टिक पंपात रोलर ट्यूब दाबत पुढे सरकतात. तिथे तुम्ही फ्लो ठरवता, आणि व्हॅक्यूमचा आकडा ही फक्त मर्यादा असते: टीप बंद झाली तर इथपर्यंतच चढायचं. व्हेंच्युरीत तुम्ही व्हॅक्यूम ठरवता. पेडल दाबलं की तो लगेच हजर, टीप मोकळी असो वा बंद. फ्लो किती येईल, हे टिपेच्या भोकावर आणि ट्यूबच्या रोधावर ठरतं. व्हाइटस्टार सिग्नेचरसारख्या मशिनात दोन्ही पंप एकत्र आहेत. सेंच्युरियनमध्ये बाटली टांगण्याऐवजी द्रवाची पिशवी दोन पट्ट्यांमध्ये दाबून दाब राखतात. अशा मशिनांवर समान आकडे लावून 'समान सेटिंग' म्हणणं चूक आहे.

दुसरी गोष्ट सर्जची, म्हणजे चेंबरमधून अचानक जास्तीचं पाणी ओढलं जाण्याची. टीप तुकड्याने बंद असते तेव्हा पंपाच्या बाजूला व्हॅक्यूम चढत जातो. त्यामुळे ट्यूबच्या भिंती आत चेपतात आणि कुठे बुडबुडा असेल तर तो फुगतो. तुकडा सुटला की चेपलेली ट्यूब पूर्ववत होते आणि तिला लागणारं पाणी चेंबरमधून ओढून घेते. चेंबरमध्ये पाणी असतं जेमतेम पाव मिली. फ्लो ३० म्हणजे सेकंदाला अर्धा मिली. म्हणजे साधं काम चालू असतानाही चेंबरचं पाणी सेकंदाला दोनदा पूर्ण बदलतं. अशा इवल्याशा जागेतून अचानक ०.१ मिली जास्तीचं ओढलं गेलं, तर कॅप्सूल वर येणारच.

म्हणून "३५० ला कोणाचा सर्ज कमी?" असा प्रश्न मी विचारत नाही. मी तो उलटा करते: डोळ्यावर ठरावीक दाब ठेवून, चेंबरचा दाब ठरावीक पातळीच्या खाली जाऊ न देता, हे मशीन मला जास्तीत जास्त किती व्हॅक्यूम वापरू देतं? दाब ही आपण मोजलेली किंमत, खालची पातळी ही सुरक्षितता आणि व्हॅक्यूम हा फायदा. पहिल्या दोन गोष्टी दोन्ही मशिनांवर सारख्या करायच्या आणि तिसरी मोजायची. पंप कुठलाही असो, बाटली टांगलेली असो वा पिशवी दाबलेली, या प्रश्नात कोणावर अन्याय होत नाही.

सामान आणि मांडणी

प्रत्येक पॅकमध्ये (कॅसेट, ट्यूब वगैरेंच्या संचात) मऊ सिलिकॉनची छोटी टोपी येते, प्राइमिंगच्या वेळी, म्हणजे ट्यूब पाण्याने भरून हवा काढताना, टिपेवर चढवतो ती. तीच आपलं चेंबर. कंपनीगणिक तिचा मऊपणा बदलतो, म्हणून एकच टोपी निवडा आणि तीच दोन्ही मशिनांवर वापरा. स्लीव्ह (टिपेभोवतीचं आवरण, ज्यातून पाणी आत जातं) तिच्यात घट्ट बसते का, ते आधी पाहून घ्या.

दाब मोजायला भुलीच्या मॉनिटरचा आर्टेरियल लाइनचा ट्रान्सड्यूसर घ्या. टोपीच्या कडेतून एक आय.व्ही. कॅन्युला आत सारा आणि आखूड, कडक प्रेशर लाइनने ती ट्रान्सड्यूसरला जोडा. लाइन पूर्ण पाण्याने भरलेली हवी. एक बुडबुडा राहिला तरी आलेख बोथट होतो. ट्रान्सड्यूसर टोपीच्याच उंचीला ठेवून झीरो करा. मॉनिटरवर फिल्टर निवडता येत असेल तर सर्वात मोकळा निवडा आणि स्वीप सर्वात वेगवान ठेवा. हा मॉनिटर धमनीच्या लहरींसाठी बनवलेला असतो, त्यामुळे सर्जचा अगदी टोकाचा बिंदू तो थोडा कापतो. पण दोन्ही मशिनांवर सारखाच कापतो, आणि आपल्याला तुलनाच करायची आहे.

मॉनिटरची स्क्रीन आणि टोपी दोन्ही एका चौकटीत येतील अशा रीतीने मोबाइल स्टँडवर लावा आणि स्लो मोशन सुरू करा. २४० फ्रेमचा व्हिडिओ असेल तर एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. टोपीला पडणारी खळी त्यात स्वच्छ दिसते. मला आलेखापेक्षा या व्हिडिओने जास्त शिकवलं. सर्जनला पटवायलाही तोच उपयोगी पडतो, कारण ती खळी त्यांनी डोळ्यात पाहिलेली असते.

आणखी हवं: ग्रॅममध्ये मोजणारा वजनकाटा, स्टॉपवॉच, मीटर टेप, थर्मामीटर आणि एक चांगला क्लॅम्प. अल्ट्रासाउंड शून्यावर ठेवा, पेडल फक्त दुसऱ्या टप्प्यापर्यंत (पहिल्यावर नुसतं पाणी आत येतं, दुसऱ्यावर ओढणंही सुरू होतं). पेडलवर व्हॅक्यूम आणि फ्लो दोन्ही 'फिक्स्ड' करा. लिनिअर राहिले तर तुमच्या पायाचा दाब मोजला जाईल, मशीन नाही. या तपासणीत वापरलेली कॅसेट, टीप, ट्रान्सड्यूसर यांतलं काहीही नंतर रुग्णासाठी जाता कामा नये. मी सुरुवात करण्यापूर्वीच त्यांवर लाल टेप चिकटवते.

टीप आणि स्लीव्ह हा अवघड मुद्दा आहे. एका कंपनीची टीप दुसऱ्याच्या हँडपीसला (टीप बसवून सर्जन हातात धरतात त्या भागाला) बहुधा बसत नाही. आणि भोकात थोडा फरक पडला तरी सगळं बदलतं, कारण अरुंद नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. आतला व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला तर प्रवाह जवळजवळ एक तृतीयांश घटतो. त्यामुळे पातळ टीप लावलेलं मशीन 'स्थिर' वाटतं. श्रेय पंपाला मिळतं आणि काम टिपेने केलेलं असतं. टिपेच्या मानेवर बारीक बायपास भोक असेल तरीही तेच, टीप बंद असताना थोडं पाणी तिथून वाहत राहतं आणि सर्ज दबतो. म्हणून मी दोन फेऱ्या करते. पहिल्या फेरीत आतल्या व्यासाने एकमेकींच्या सर्वात जवळच्या, बायपास नसलेल्या टिपा. दुसऱ्या फेरीत सर्जन प्रत्यक्ष वापरणार तो पूर्ण संच. पहिली फेरी मशीन कसं आहे ते सांगते, दुसरी सांगते की तुमच्या टेबलावर काय होईल.

बाटलीची उंची आणि खरा दाब

इथून पुढे दाबाचे सगळे आकडे पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये आहेत. बाटली १५ सेंटिमीटर वर नेली की साधारण ११ मिमी दाब वाढतो. उंची ड्रिप चेंबरमधल्या पाण्याच्या पातळीपासून टोपीपर्यंत मोजा, हुकापासून नाही. ९० सेंटिमीटरला स्थिर दाब ६६ यायला हवा. ट्रान्सड्यूसर काही भलतंच दाखवत असेल, तर एकतर झीरो चुकलाय किंवा लाइनमध्ये हवा आहे. ते दुरुस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पेडल पहिल्या टप्प्यावर ठेवून दोन्ही मशिनांवर चेंबरचा स्थिर दाब सारखा करा. आम्ही ६० धरतो. पिशवी दाबणाऱ्या मशिनावर स्क्रीनवर ६० लिहून थांबू नका, ट्रान्सड्यूसरवर ६० येईपर्यंत आकडा हलवा. रुग्णाच्या डोळ्याची पातळी सांगणारं सेटिंग इथे हमखास चुकतं. १० सेंटिमीटरची चूक म्हणजे ७ मिमीचा फरक. मी एकदा सगळी सकाळ असे आकडे घेतले होते. टोपी ट्रॉलीवर होती आणि मशीनला वाटत होतं की डोळा वीतभर वर आहे. ते सगळे कागद रद्द करावे लागले.

पेडल दुसऱ्या टप्प्यावर नेलं की चेंबरचा दाब उतरतो, कारण वाहतं पाणी इन्फ्युजनची (पाणी आत आणणारी) ट्यूब आणि स्लीव्हमधून येताना दाब गमावतं. हा वाहता दाबही लिहून ठेवा. स्थिर आणि वाहता यांतली दरी एका मशिनावर जास्त असेल, तर त्याच्या इन्फ्युजनच्या वाटेत रोध जास्त आहे, आणि सर्जनंतर ते चेंबर सावकाश भरणार हे तिथेच कळतं.

फ्लो तोलून घ्या

इन्फ्युजनची पिशवी किंवा बाटली तोला. पेडल दुसऱ्या टप्प्यावर बरोबर तीन मिनिटं ठेवा, क्लॅम्प लावा, पुन्हा तोला. घटलेले ग्रॅम म्हणजे जवळपास तितकेच मिली. फ्लो ३० लावला असेल तर ९० ग्रॅमच्या आसपास घट यायला हवी. निचऱ्याची पिशवी तोलू नका, काही कॅसेटच्या पोटात पाणी साठून राहतं आणि हिशेब चुकतो.

पेरिस्टाल्टिकवर २०, ३०, ४० असे तीन फ्लो पुरतात. मोकळ्या टिपेला स्क्रीनवर किती व्हॅक्यूम दिसतो तेही टिपा. तो ट्यूब आणि टिपेच्या रोधाचा आकडा आहे. हा आकडा तुमच्या मर्यादेच्या जवळ पोचला तर पंप आपोआप मंदावतो आणि ४० लावूनही ४० मिळत नाही. बारीक टिपेवर हे घडतं आणि स्क्रीनकडे पाहून अजिबात कळत नाही. काट्यावर कळतं.

व्हेंच्युरीवर २०० पासून ५० च्या पायऱ्यांनी व्हॅक्यूम वाढवत जा आणि प्रत्येक पायरीचा फ्लो तोला. हा तक्ता फार मोलाचा आहे. सर्जनला पहिल्यांदाच कळतं की त्यांच्या ओळखीच्या 'फ्लो ३०' ला या मशिनावर कोणता व्हॅक्यूम जुळतो. तुलना करताना पेरिस्टाल्टिकवर प्रत्येक पायरीला तोच तोललेला फ्लो आणि तेवढीच व्हॅक्यूमची मर्यादा लावायची. आता कुठे दोन्ही मशिनं एका रेषेत उभी राहतात. फ्लो मर्यादेत अडकू लागला तर ती नोंद करा आणि त्या पायरीला तुलना करू नका.

पाण्याचं तापमान सारखं ठेवा. ३० अंशांना पाण्याची चिकटाई २० अंशांच्या साधारण चार पंचमांश असते, म्हणजे गार पाण्यावर तपासलेलं व्हेंच्युरी फ्लो कमी दाखवेल. सकाळी एक मशीन आणि दुपारी दुसरं असं करणार असाल तर थर्मामीटर विसरू नका.

व्हॅक्यूम चढायला लागणारा वेळ

हँडपीसच्या अगदी मागे, पाणी ओढून घेणारी अ‍ॅस्पिरेशनची ट्यूब क्लॅम्पने बंद करा आणि व्हॅक्यूम ठरलेल्या आकड्याला पोचेपर्यंतचा वेळ व्हिडिओवरून काढा. पेरिस्टाल्टिकवर फ्लो दुप्पट केला की हा वेळ जवळपास निम्मा व्हायला हवा. होत नसेल तर पंपाची ट्यूब थकली आहे किंवा कुठेतरी हवा आत येते आहे. वेळ जास्त म्हणजे मशीन वाईट, असं समजू नका. आयरिस किंवा कॅप्सूल चुकून टिपेत आली तर सावकाश चढणारा व्हॅक्यूम सर्जनला पाय उचलायला वेळ देतो. नवशिक्या हातांसाठी मी तरी सावकाश चढणारंच सुचवते.

सर्ज

पहिली दोन वर्षं मी इथेच फसले होते. ट्यूब बंद-चालू करायला सोयीचा म्हणून मी थ्री-वे (तीन तोंडांची छोटी तोटी) जोडायचे. सगळीच मशिनं छान यायची, कोणात फारसा फरक दिसायचा नाही. नंतर लक्षात आलं की थ्री-वेचं अरुंद भोकच सर्ज अडवत होतं. मी मशीन मोजतच नव्हते, थ्री-वे मोजत होते. ते आकडे मी सर्जनना दाखवले होते, याची खंत अजून आहे. वाटेत काहीही जास्तीचं जोडू नका. बाहेरून लावलेला क्लॅम्प, तो हँडपीसच्या चार बोटं मागे, आणि तो झटकन सोडणारा एकच हात. आमच्याकडे तो हात ओ.टी.च्या सिस्टरांचा असतो. त्या दर वेळी अगदी एकसारखा सोडतात, माझ्या हाताला ते जमत नाही.

कृती अशी. पेडल दुसऱ्या टप्प्यावर, वाहता दाब स्थिर होऊ द्या. क्लॅम्प लावा. चेंबरचा दाब ६० ला परत येईल आणि व्हॅक्यूम चढेल. तो मर्यादेला पोचल्यावर मनात तीनपर्यंत मोजा आणि क्लॅम्प सोडा. आलेख खाली कोसळतो आणि परत वर येतो. किती खाली गेला, आणि वाहत्या दाबाला परतायला किती वेळ लागला, हे दोन आकडे लिहा. एका सेटिंगला दहा वेळा करा. दहा आकडे आपापसांत जितके विखुरलेले असतात, त्याहून कमी फरक दोन मशिनांत दिसला तर तो फरक नाही.

व्हॅक्यूम २०० पासून सुरू करा आणि ५० च्या पायरीने वर जा. खालची पातळी सर्जनने ठरवायची. आमच्या मॅडमनी १५ ठरवली आहे. दहांपैकी एकदाही आलेख १५ च्या खाली गेला की थांबा. त्याच्या आधीची पायरी हा त्या मशीनचा आकडा. समजा एकाचा ३०० आला आणि दुसऱ्याचा ४५०. तर ब्रोशरवर दोघांची कमाल मर्यादा सारखी असली तरी टेबलावर ती दोन वेगळी मशिनं आहेत.

टीप बंद झाल्याचं ओळखून पंप मंदावणारी किंवा पाण्याचा दाब वाढवणारी सोय बऱ्याच मशिनांत असते. ही तपासणी एकदा ती सोय चालू ठेवून आणि एकदा बंद करून करा. चालू असताना चांगलं आणि बंद करताच कोसळणारं मशीन वाईट नव्हे, पण त्याची ट्यूब मऊ आहे आणि सगळा भार सॉफ्टवेअरवर आहे, हे सर्जनला माहीत असायला हवं.

शेवटी, मुद्दाम बुडबुडा घाला. इन्सुलिनच्या सिरिंजने अ‍ॅस्पिरेशनच्या ट्यूबमध्ये ०.०५ मिली हवा सोडा आणि ती पुढे निघून जाण्याआधी क्लॅम्प लावून ४०० च्या व्हॅक्यूमला तीच कृती करा. समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६०. ४०० चा व्हॅक्यूम म्हणजे आत उरले ३६०, आणि बुडबुडा दुपटीहून जास्त फुगतो. क्लॅम्प सुटल्यावर तो आकसतो आणि चेंबरमधून ०.०५ मिलीहून जास्त पाणी मागतो, म्हणजे चेंबरचा पाचवा हिस्सा, एवढ्याशा हवेमुळे. हे एकदा स्लो मोशनमध्ये पाहिलं की प्राइमिंगमध्ये घाई करायचा मोह कोणालाच होत नाही. व्हॅक्यूम सोडताना ट्यूबमध्ये हवा घेणारी आणि पाणी घेणारी अशा दोन रचना असतात. त्यांतल्या पाणीवाल्या रचनेकडे माझा कल का, तेही यातूनच कळेल.

उंच ठिकाणी काम करत असाल तर एक जास्तीची खबरदारी. १५०० मीटर उंचीवर हवेचा दाबच ६३५ च्या आसपास असतो, त्यामुळे ६५० चा व्हॅक्यूम तिथे कोणतंच मशीन देऊ शकत नाही. ब्रोशरवरचे वरचे आकडे तिथे खोडूनच टाका.

हे सगळं एका नाही, तीन वेगवेगळ्या पॅकवर करा. एकाच मशीनच्या दोन कॅसेटमध्ये मला कधी कधी दोन मशिनांएवढा फरक दिसला आहे. आणि टोपीला जखम नसते हे लक्षात ठेवा. खऱ्या डोळ्यात चिऱ्याच्या कडेने पाणी गळतं आणि तेवढं इन्फ्युजनला जास्त द्यावं लागतं. म्हणून टोपीवर मिळालेला आकडा थेट ऑपरेशनला लावायचा नाही. मी सर्जनला त्याच्या दोन पायऱ्या खालून सुरुवात करायला सांगते, पहिल्या काही केसेसना मॉनिटरसमोर उभी राहते आणि शेवटचा तुकडा सुटताना कॅप्सूल किती हलते तेवढंच पाहते.

कागदावर तारीख, कॅसेटचा लॉट नंबर, टिपेचा व्यास, पाण्याचं तापमान आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती लिहा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की सर्जचा भाग पुन्हा करा. फ्लोचा तक्ता सहसा टिकतो, सर्जचा टिकेलच असं नाही.